आत्या, एम साइज आणि तुझं नवमीचं पान

प्रिय आई,

सकाळी आत्याचा फोन आला होता. तुझी अविधवा नवमी होऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि बाईंनी फोन करकरून माझा जीव खाल्लाय. आज तर म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी लालबागला जाते आणि शैलाच्या फोटोसमोर तुझं गाऱ्हाणं घालते." म्हटलं, घाल. पण तिचं गाऱ्हाणं तुझ्यापर्यंत पोचायच्या आत माझं पोचलेलं बरं, म्हणून कणीक तशीच झाकून लिहायला बसलेय. तुझी सवय मला ठाऊक आहे ना. वन्संनी तोंड उघडायचा अवकाश, तुझी मान आधी हलणार.

तर ऐक. मी तुझ्या नणंदेवर सूड उगवला.

डोळे मोठे करू नकोस. "असं बोलू नये मनी, मोठी आहे ती" हेही नको. होतीस तोवर मला गप्प बसवलंस. आता कशी बसवशील?

लहानपणापासून बघतेय मी. आत्या लग्न होऊन आपल्या चाळीतून दादरला गेली, ब्लॉकमध्ये राहायला लागली, आणि तेव्हापासून तिला लालबागचं काही म्हणजे काही बरं दिसेना. त्यातही सगळ्यात वाईट तू. दारात चप्पल काढायच्या आधी तिची नजर तुझ्या पोटावर जायची. "काय गो शैला, परत सुटलंस?" आणि तू हसत हसत पदर पुढे ओढून घ्यायचीस. का हसायचीस गं? काय होतं त्यात हसण्यासारखं?

भाऊबीजेला बाबांना ओवाळायला यायची ती तुझ्यासाठी खोका घेऊन यायची. पोट दाबायचा पट्टा. खोक्यावर एका गोऱ्या बाईचं चित्र, तिला मुळात पोटच नाही. जिला पोट नाही तिला पट्टा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं तर तू मला चिमटा काढलास. आणि साइज दरवेळी एम. "मला एम येतो, तुला न यायला काय झालं? मनावर घे जरा." आत्याला एम येत नव्हता, आई. हे घरात सगळ्यांना दिसत होतं. बाबांनासुद्धा, आणि बाबांना तर घरात नवा पंखा लावल्याचंही कित्येक दिवस कळलं नव्हतं.

ते खोके तू पलंगाखाली रचून ठेवायचीस. म्हटलं टाकून दे, तर म्हणायचीस, "प्रेमाने आणलंय गो." प्रेमाने!

आणि मग माझं लग्न. गिरगावातल्या हॉलच्या त्या कोंदट खोलीत आत्या सकाळीच हजर. "विहीणबाई बघतील, आज तरी नीट दिस." तू भिंतीला दोन्ही हात टेकून उभी आणि मागून आत्या नि काकू पट्टा ओढतायत. मी आरशात बघत होते, माझ्या कपाळावर मुंडावळ्या बांधणं चाललं होतं, मान वळवायची सोय नव्हती. "श्वास आत घे गो." तू घेतलास. तो सोडलास कधी ते मला कळलं नाही.

अल्बम काढून बघ. सगळ्या फोटोंत तू ताठ उभी आहेस. बसलेली एकाही फोटोत नाहीस. पंगतीत फिरून विहिणीला जिलबीचा आग्रह केलास, माझ्या घासालाही आलीस. मी विचारलं, "आई, जेवलीस?" तू म्हणालीस, "जेवले गो." खोटं. बाबांनी मला नंतर सांगितलं, घरी आल्यावर त्यांनी तो पट्टा कात्रीने कापून काढला आणि तू उभ्या उभ्या कालचा भात दह्याशी खाल्लास. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात आई उपाशी. हे मी विसरेन असं वाटलं होतं का आत्याला?

पुढे तुझ्या पोटात पाणी भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कमरेला घट्ट काही नको. त्यांनी तुझ्या कमरेभोवतीचं ते काळं कडं बघितलं आणि विचारलं, हे कसलं? तू लाजून म्हणालीस, "नाडीचं." लग्नापासूनची नाडी. तिथली कातडी जाड होऊन गेली होती, हात फिरवला की दोरी अजून बांधलेलीच आहे असं वाटायचं.

मग आपण निघालो तुझ्यासाठी कपडे शोधायला. सोपं काम वाटलं होतं मला. एक मऊ, सैल, दवाखान्यात नेता येईल असं काहीतरी, बस. दादरला त्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलेला तो माणूस आठवतो? "फ्री साइज है आंटी, सबको आता है." तुझे दंडच आत जाईनात. पायऱ्या उतरताना तू मला विचारलंस, "सगळ्यांना येतो म्हणजे कोणाला गो? आपण सगळ्यांत येत नाय काय?" दुसऱ्या दुकानात पोरगी म्हणाली, "हेल्दी लोगों का सेक्शन ऊपर है." हेल्दी! पायांवर बोट दाबलं तर खळगा पडत होता तुझ्या. आणि सेक्शन दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जो गाऊन मोठा मिळायचा तो टेरिकॉटचा, घाम फुटणारा. जो सुती मिळायचा तो काखेत कापणारा. तू तर थकून म्हणायला लागलीस, "राहू दे, बाबांचा लेंगा घालते."

परळच्या गल्लीतलं ते दुकान सापडलं तेव्हा तू बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली होतीस, आत यायला तयार नव्हतीस. गल्लीचं नाव मी इथेही लिहीत नाही. पत्र आत्याच्या हातात पडलं तर? दुकानातली बाई स्वतः चांगली भरलेली, गाऊनमध्येच गल्ल्यावर बसलेली. तिने साइज विचारलाच नाही. विचारलं, "कुठे टोचतं?" तू बोट दाखवत गेलीस. कपडे बदलायच्या खोलीत तिने स्टूल ठेवलं होतं, म्हणाली, "बसून बघा काकी, उभ्याने काय, सगळंच बरं वाटतं." तू बसलीस. आणि बसल्या बसल्या खिशात हात घातलेस. गाऊनला खिसे आहेत याचंच तुला केवढं कौतुक!

दोन घेतले. एक निळा, एक जांभळा. एक अंगावर, एक धुवायला. पण जांभळा तू घडीच मोडली नाहीस. "हा बरा राहू दे, कुठे जायला होईल." निळा घालून गॅलरीत ओढणीशिवाय उभी राहिलीस, तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्या दिवशी जेवायला बसलीस, अर्धी भाकरी जास्त घेतलीस, मागे टेकलीस नि म्हणालीस, "पोट सोडून जेवले गो, कितीतरी वर्षांनी."

मग मटार सोलता सोलता, सहज, म्हणालीस, "मला नेशील तेव्हा नाडी बांधू नको हां मनी. तो जांभळा घाल." मी म्हटलं, गप्प बस. पण हो म्हटलं होतं. तू ऐकलं होतंस ना, हो म्हटलेलं?

तू गेलीस त्या दिवशी मी तो जांभळा घेऊनच आले होते. आत्या दाराच्या चौकटीत आडवी उभी. "सवाष्ण बाई गाऊनमध्ये जाते काय? लोक काय म्हणतील?" हिरवी साडी तिने आणलेलीच होती, कोरा परकर आणलेला होता. मी ओरडले, आई. तोंडाला येईल ते बोलले. मला दोघींनी धरून गॅलरीत नेलं. बाबा भिंतीकडे बघत बसले होते. आणि गॅलरीत मला आतून आत्याचा आवाज ऐकू आला, "घट्ट बांध. उचलताना सुटेल." मग काकूला जमेना म्हणून तिने स्वतःच नाडी बांधली. दुहेरी गाठ.

त्या गाठीसाठी मी तिला सोडणार नव्हते. वर्षभर दात धरून होते.

तुझी पहिली नवमी आली. तू आजीची करायचीस तशीच करायची ठरवलं. सवाष्ण बोलवायची, तिला कोरं वस्त्र द्यायचं, ते नेसून ती पानावर बसणार. बाबा चाचरत म्हणाले, "ताईलाच बसवू या. मोठी आहे, मान आहे तिचा." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, पोरगी शहाणी झाली.

शहाणी कसली! दादरला जाऊन मी साडीच्या आत घालायचं शेपवेअर आणलं. हल्ली परकराऐवजी घालतात ना, छातीखालपासून घोट्यापर्यंत आवळून धरणारं, ते. साइज एम. मी माझ्या मनाने थोडाच ठरवला? तिचाच साइज.

नवमीला सकाळपासून मी नि काकू राबत होतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भोपळा, तांदळाची खीर. आत्या आली, पाय धुतले, मी साडी हातात दिली आणि वर ती घडी ठेवली. "परकर आता कोण घालतं आत्या? दादरला तर सगळ्या हेच घालतात. एमच आणलाय. तुला एम येतो ना?"

काकूने तोंड फिरवून कढईत बघायला सुरुवात केली. आत्याने लेबल बघितलं, माझ्याकडे बघितलं, काकूच्या पाठीकडे बघितलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? घेऊन गेली पडद्यामागे. काय आवाज येत होते म्हणून सांगू! पलंग हलला, काहीतरी पडलं, "अगो बाय गो" ऐकू आलं. काकूने विचारलं, "ताई, येऊ का?" आतून आवाज आला, "नको."

बाहेर आली ती तुझ्या अल्बममधल्यासारखी. ताठ. पाटावर बसायलाच तिला भिंत धरावी लागली. मी पान वाढलं. गरम वडा, त्यावर सांबार, वाटीभर खीर. "घे ना आत्या. लाजू नकोस, घरचंच आहे." तिने एक घास घेतला, गिळला, आणि पानावर हात आडवा धरला. "पुरे गो. भरलं पोट." कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी. मी आणखी एक वडा वाढला. मग आणखी एक. आई, मला इतका आनंद होत होता, इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात बाबा गच्चीत कावळ्याला घास ठेवून खाली आले. त्यांनी पान बघितलं. जसंच्या तसं. "ताई जेवत नाय?" बाबा तुझ्या फोटोकडे वळले आणि हात जोडले. "शैला, काय राहिलं गो तुझं? काय चुकलं आमचं? सांग, करतो. पण जेव. अशी उपाशी नको जाऊ."

माझ्या हातात वड्यांची परात होती. ती मी खाली ठेवली.

हे कसं माझ्या डोक्यात आलं नाही? दरवर्षी तू आजीच्या नवमीला सवाष्णीच्या मागे लागायचीस, "अजून घ्या, सासूबाई जेवतायत." वर्षभर मी आत्याला आवळायचं, आत्याला उपाशी ठेवायचं ठरवत होते आणि पानावर बसणार होतीस तू! लग्नात तिने तुला उपाशी ठेवलं आणि तुझ्या नवमीला मी. खरं सांगते, मला पहिल्यांदा तुझाच राग आला. साऱ्या मुंबईतल्या बायका सोडून तुला वन्संच्याच तोंडाने जेवायचं होतं?

"आत्या, ऊठ," मी म्हटलं.

"पानावरून उठू नये गो."

"ऊठ म्हणते ना."

काकू नि मी तिला धरून उठवलं. पडद्यामागे नेऊन मी ते सोलून काढलं, दुसरा शब्द नाही त्याला. एका हाताने पलंग धरून ती उभी होती. पोटावर लाल वळ उठले होते. आणि कमरेभोवती, आई, तिलाही कडं होतं. काळं, जाड, अगदी तुझ्यासारखं. ते बघून मला दया आली असं लिहायला हवं ना? नाही आली. मनात म्हटलं, बरं झालं.

पण तुला जेवायचं होतं. मी कपाट उघडलं आणि जांभळा गाऊन काढला. कोराच होता, लेबलसुद्धा काढलं नव्हतं. सवाष्णीला चालतो. मी तो माझ्यासाठी ठेवला होता, घालायला नाही, नुसता कपाटात असू दे म्हणून. लालबागला आले की कपाट उघडून हात लावायचे त्याला. आत्याने लगेच ओळखला.

"हा त्या दिवशीचा."

"हो. सवाष्ण बाई गाऊनमध्ये जेवते काय, ते बघू आज."

तिने लहान पोरीसारखे दोन्ही हात वर केले आणि मी तो तिच्या डोक्यातून घातला. सरकन खाली आला. कुठेही अडला नाही. तिने खिसे चाचपले आणि हात आत घातले.

ती बाहेर आली तेव्हा काकूच्या हातातला झारा तसाच राहिला. नवमीच्या पानावर सवाष्ण, दादरची, बँकवाल्यांची बायको, गाऊनमध्ये! मी मनात आखला होता त्याहून मोठा सूड हा झाला, आणि तोही तिच्याच पायांनी चालत आला. बाबा त्या जांभळ्या रंगाकडे बघत राहिले. "शैलाचा?" मी मान हलवली. ते पाटासमोर खाली बसले नि म्हणाले, "जेव ताई."

आणि जेवली गं. कशी जेवली! वडे संपवले, सांबार मागून घेतलं, खिरीची वाटी तोंडाला लावली, अळूचं फदफदं भातावर ओतून घेतलं. शेवटी मागे भिंतीला टेकली, ढेकर दिला, डोळे मिटले आणि म्हणाली, "पोट सोडून जेवले गो, कितीतरी वर्षांनी."

मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. काकूला वाटलं भांडी घासतेय.

गाऊन तिने उतरवलाच नाही. वरून ओढणी घेतली आणि टॅक्सीत बसून तशीच दादरला गेली. साडी पिशवीत. "धुवून देते" म्हणाली होती, अजून आला नाही. आणि तेव्हापासून हे फोन. कुठे मिळतो? दुसरा हवाय. एक अंगावर, एक धुवायला. तू एकटी जाऊ नकोस म्हणे, मीही येते, नुसतं दुकान सांग. परवा तर लाडीगोडी लावून बघितली, मला मनूताई म्हणाली.

मी म्हटलं, सांगते. पण आधी आईच्या फोटोसमोर उभी राहा आणि तोंडाने म्हण, शैला, ती गाठ मी मारली, चुकलं माझं.

"मेलेल्या माणसाला काय सांगायचं गो? ती काय ऐकणार आहे?"

"त्या दिवशी लोक काय म्हणतील ते तिला ऐकू जाणार होतं ना? मग हेही जाईल."

त्यावर फोन आपटला. आणि आज सकाळी गाऱ्हाण्याची धमकी.

इथवर लिहिलं आणि आत्ता बाबांचा फोन आला. कुजबुजत बोलत होते. "ताई आलीय. तो गाऊन घालूनच आलीय, वर ओढणी. शैलाच्या फोटोसमोर बसलीय. मला वाटलं तुझ्याविषयी काही बोलेल, पण काहीच बोलत नाय. काय करू? चहा टाकू?"

मी म्हटलं, बसू दे. चहा विचारू नका.

तेव्हा आई, ती तुझ्यासमोर आहे. माझ्याविषयी सांगू लागली तर सगळं ऐकून घे, खरंच असेल. पण गाठीपर्यंत ती येईस्तोवर तू हसू नकोस, पदर ओढू नकोस, आणि देवाशपथ, मान हलवू नकोस. चुकलं म्हणाली तर मी स्वतः तिला परळला घेऊन जाईन, स्टुलावर बसवीन आणि तिच्या खऱ्या साइजचे दोन घेऊन देईन. नाही म्हणाली तर दादरभर फिरू दे एम शोधत. आणि पुढच्या नवमीला पानावर कोणीही बसो, तीसुद्धा, तिच्या कमरेला मी नाडी बांधू देणार नाही. तू पोटभर जेवशील, हे माझं वचन.

तुझी,
मनी

(फोन पुन्हा वाजतोय. आत्याचाच आहे. थोडा वाजू दे.)